बोंड न धरणारं झाड

आत्याच्या घरी असताना माझ्या उजव्या अंगठ्याचं नख कापायची मला परवानगी नव्हती. बाकीची नखं आत्या स्वतः काढायची. रविवारी न्हाणं झालं की ओसरीच्या कडेला मला पाय सोडून बसवायची आणि अण्णांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडनं एकेक बोट धरून हलक्या हातानं नखं काढायची. तो एक अंगठा हातात आला की थांबायची. त्याला नुसतं खोबरेल लावायची आणि म्हणायची, "ह्याला न्हाई हात लावायचा. ह्यो माझा सोन्याचा इळा हाय." शेजारच्या बाया हसायच्या, मी मान खाली घालायची. मला कुणी चांगलं म्हटलं तरी लाज वाटायची आणि वाईट म्हटलं तरी. अजून तसंच आहे. म्हणून हे कधी कुणाला तोंडानं सांगितलं नाही, लिहून ठेवते आहे.

त्या नखाचं काम कापसात होतं. नांदूरघाटाच्या अलीकडे आत्याचं सासर. तिथं विहिरीखालच्या काळ्या रानात आत्याचे यजमान, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, बियाणाचा कापूस लावायचे. हा कापूस रुईसाठी नसतो, त्याची सरकी पुढच्या वर्षी बियाणं म्हणून जाते. त्यात दोन तऱ्हेच्या ओळी असायच्या, आईच्या आणि बापाच्या. आईचं झाड बुटकं, भरपूर बोंडं धरणारं, बोंडात सरकी गच्च. बापाचं झाड उंच, उशिरा येणारं, पण त्याचा धागा लांब आणि रेशमासारखा. दोघांच्या जाती वेगळ्या, तरी ती एकमेकांची चुलत भावंडं म्हणावीत अशी. दुपार कलली की आम्ही पोरी आईच्या ओळींत शिरायचो. उद्या सकाळी उमलणारी कळी नेमकी ओळखायची, नखानं तिच्या बुडाला गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसकट आतला पिवळा पराग असा उपसून काढायचा, जसं लेकराच्या अंगातलं झबलं डोक्यावरून काढतात. मधली नाजूक काडी तेवढी उभी राहायला हवी. तिला नख लागलं की कळी मेली, आणि परागाचा कण मागं राहिला तर फूल स्वतःच स्वतःशी फळायचं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. मग वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी दहिवर वाळलं की बापाची फुलं खुडून टोपलीत घ्यायची, टोपी काढायची, त्या काडीवर बापाचा पराग फिरवायचा आणि देठाला दोरा बांधायचा. धरलं तर आठवड्यात बोंड सुपारीएवढं होतं. नाही धरलं तर ते पिवळं पडतं आणि आपलं आपण गळून जातं.

मी तिथं गेले ती हंगामापुरती. आमचं गाव घाटनांदूरकडचं. चौथी पास झाले तेव्हा आमच्या गावात पुढची शाळा नव्हती. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अक्काचा निरोप आलाय, पोरीला हंगामाला धाड म्हणती. तिच्या गावात सातवीपतूर शाळा हाय, तिथंच घालती म्हणं." हंगाम संपला, दुसरा आला, असे कैक गेले, शाळेचं नाव कुणी काढलं नाही, मीही काढलं नाही. सगळ्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. आमच्याकडं भावाची लेक बहिणीच्या घरी सून म्हणून जाते, आधी तिचा हक्क, मग बाकीच्यांचा. आत्याला एकच मुलगा, दिगंबर. त्यामुळं मी त्या घरात पाहुणी नव्हते आणि कामाची पोरगीही नव्हते. बाकीच्या पोरींना शनिवारी मजुरी मिळायची. मला कुणी दिली नाही, आणि ती न मिळणं हाच मला मान वाटायचा. घरच्या माणसाला कोण मजुरी देतं?

आत्या वाईट होती असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तिचा आवाज आधी यायचा, मग ती. पहाटे चुलीपुढं बसली की भाकरी थापायचा आवाज आणि तिचं बोलणं एका तालात चालायचं. विहिरीवरचं इंजिन सुरू झालं की ती त्याच्याही वरच्या पट्टीत बोलायची. तिच्या हातची येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी मला नंतर कधी कुठं तशी मिळाली नाही. वर तेलाचा तवंग, सोबत बाजरीची भाकरी कुस्करून. मला ताप आला तेव्हा तिनं हुलग्याचं माडगं करून वाटी तोंडाला लावली होती आणि रात्रभर पाय चेपले होते. प्लॉटात पोरींच्या मागं उभी राहून ती शिव्या द्यायची, पण त्या शिव्यांनी पोरी हसायच्या. सखू नावाची एक चेष्टेखोर पोर माझ्या ओळीशेजारी असायची. एकदा म्हणाली, "छबे, सकाळ-संध्याकाळ ह्या कळ्यांची लग्नं लावतीस, तुझं कवा गं?" मागून आत्या म्हणाली, "तिचं ठरल्यालं हाय. तू तुझ्या कळीकडं बघ, नवरदेव टाकला खाली भवाने!" सगळा प्लॉट हसला. मी कळीच्या आड तोंड लपवलं. ते हसणं मला आवडलं होतं, हेही आता लिहून टाकते.

दिगू शेतकीचं शिकायला परगावी राहायचा, सुट्टीला यायचा. लहानपणी आम्ही एकत्र चिंचा पाडल्या होत्या, पण आता तो आला की मी चुलीच्या बाजूला सरकायची. त्या साली गौरी-गणपतीला आला तो डोक्यात एक खूळ घेऊनच. वरच्या माळावर अण्णांचा थोडा गावरान कापूस होता. त्याला पाणी लागत नाही, कीड लागत नाही, दगडातही तग धरतो, पण बोंड एवढंसं आणि धागा आखूड, खरबरीत. जेवताना दिगू म्हणाला, "अण्णा, ह्या गावरानाची चिवटाई आन आपल्या प्लॉटातल्या कापसाची रुई, दोन्ही एका झाडात आलं तर?"

अण्णा भाकरी मोडत म्हणाले, "तसं होत असतं तर माझ्या बापानं केलं नसतं का बे?"

"तुमच्या बापाकडं छबूचा हात नव्हता," दिगू म्हणाला.

आत्या खूश झाली. मी आमटी वाढत होते, ती थोडी ताटाबाहेर गेली.

परसात पेरूच्या झाडाजवळ गावरानाची चार-दोन झाडं आणि प्लॉटातल्या आईच्या जातीची चार-दोन झाडं हेच मनात धरून दिगूनं जूनमध्येच, परत जाण्याआधी, लावून ठेवलेली होती. दुपारचा प्लॉट आटोपून आले की मी परसात जायची. तो शेजारी उभा राहायचा, मला काय करायचं ते सांगायचा, आणि कधी सांगायचं थांबून नुसता बघायचा. पहिल्यांदा गावरान आई केली. त्याची कळी लहान, नखात सापडत नाही. मी कितीतरी कळ्या सोलल्या, एकही मोडली नाही, तरी सगळी बोंडं गळाली. मला वाटलं माझाच हात चुकला. दिगू म्हणाला, "हात न्हाई चुकला. आईबाप उलटे करून बघू." मग दुसऱ्या झाडाला आई केलं आणि गावरानाचा पराग घातला. तो बाटलीतलं कसलंसं औषध घेऊन आला होता. त्याचा बारीक बोळा देठाशी लावायचा, म्हणजे बोंड लवकर गळत नाही म्हणाला. तीही बोंडं गळत राहिली. सकाळी उठून मी आधी परसात जायची, खाली पिवळी बोंडं पडलेली असायची, ती मी कुणी बघायच्या आत वेचून उकिरड्यावर टाकायची. एक तेवढं राहिलं. रोज थोडं थोडं मोठं होत गेलं. आत्यानं त्याला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला.

दिगू सुट्टी संपवून जायला निघाला तेव्हा अंगणात सायकलीला पिशवी अडकवताना म्हणाला, "त्याला जप. आलं झाड तर तुझं नाव देईन त्याला." घरात आत्या होती, तिनं ऐकलं आणि हसली.

त्या बोंडात सरकी मोजकीच निघाली, त्यातली बरीचशी पोचट. पुढच्या पावसाळ्यात परसात ती टोकली. एकच उगवली. आणि काय उगवली! खत घातलं होतं, पाणी होतं हे खरं, पण असं झाड मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पेरूच्या फांदीला टेकलं. पान ना ह्याचं ना त्याचं, मधलंच. मग फुलं लागली, इतकी की सकाळी परसात गेलं की झाडावर दिवाळी असावी तसं दिसायचं. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. आत्या त्यांना सांगायची, "माझ्या सुनंनं केलंय." सून हा शब्द ती उघडपणे वापरायला लागली होती. आणि रोज संध्याकाळी ती सगळी फुलं लाल पडून देठासकट खाली यायची. एकही बोंड नाही. मी शेजारच्या झाडाचा पराग आणून घातला, त्याचाच त्याला घातला, काही नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत दिगू आला. झाड बघून तो नाराज झाला नाही, उलट त्याला ते ठाऊक असल्यासारखा दिसला. मी पायरीवर सरकी निवडत होते. तो समोर उकिडवा बसला, माझ्या सुपातल्या मूठभर सरक्या घेतल्या आणि जमिनीवर मांडायला लागला. प्रत्येक जीवात, म्हणाला, डोळ्याला दिसत नाहीत असे बारीक धागे असतात, त्यात सगळा गुण भरलेला असतो. प्लॉटातल्या कापसात असे बावन्न, गावरानात सव्वीस. लेकराला आईचे निम्मे येतात आणि बापाचे निम्मे. त्यानं आईच्या सव्वीस सरक्या एका ओळीत मांडल्या, बापाच्या तेरा त्यांच्यासमोर. "आता जोड्या लाव," म्हणाला. मी लावल्या. तेरांना जोडी मिळाली. तेरा सरक्या एकट्या राहिल्या.

"ह्यांना कुणीच न्हाई," तो म्हणाला. "झाड वाढायला ह्याचं काही आडत न्हाई, वाढतंय झकास. पण बी धरायच्या वेळी प्रत्येकाला आपली जोडी लागती. ह्यांना कुठं जावं कळत न्हाई, तिथंच घोटाळा होतो. फूल येतं, बी न्हाई."

"मग प्लॉटातलं कसं काय धरतं?" मी विचारलं. त्याच्याशी एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच बोलले असेन.

"ते दोघं जवळचे हायेत. बावन्न आन बावन्न. एकेकाला जोडीदार मिळतो. हे लांबचं पडलं. जवळचं असतं तर धरलं असतं." आणि माझ्याकडं बघून हसला.

मला तेव्हा थोडंफार कळायला लागलं होतं. जवळचं असतं तर धरलं असतं, हे वाक्य मी सरकीबरोबर मनात निवडून ठेवलं. ते त्यानं कापसाबद्दल म्हटलं होतं. मी ते माझ्याबद्दल घेतलं, आणि तो हसला म्हणून मला वाटलं, त्यानंही तसंच म्हटलंय.

माजलगावकडची माणसं त्याच सुमाराला पहिल्यांदा आली. धरणाच्या पाण्यावर त्यांचा ऊस होता, जीपमधून आले, बियाणाचा प्लॉट बघायचाय म्हणाले. आत्यानं त्यांना प्लॉट दाखवला. त्यांच्याबरोबर आलेल्या बाईनं मला विचारलं, "ही कोण?" आत्या म्हणाली, "भाची हाय माझी, कामाला लई चांगली." मला ते ऐकताना काही वाटलं नाही. पाहुण्यांपुढं लग्नाआधी कुणी सून म्हणत नाही, असं मी मनाशी म्हटलं. ती माणसं पुन्हा आली तेव्हा प्लॉटाकडं फिरकली नाहीत, सरळ ओसरीवर बसली. मला चहा करायला सांगितलं आणि चहा घेऊन दिगू गेला.

दिवाळी झाल्यावर दादा, आई आणि गावातले दोघं वडीलधारे कुंकवाची तारीख काढायला आत्याकडं आले. आईनं माझ्यासाठी हिरवं लुगडं आणलं होतं, घरात गेल्याबरोबर पिशवीतून किंचित बाहेर काढून मला दाखवलं आणि परत आत सारलं. जेवणं झाली. आत्यानं पुरण घातलं होतं, आग्रह करकरून वाढलं. दादांनी सुपारी हातात घेतली आणि म्हणाले, "अक्का, मग कसं करायचं? तुळशीचं लगीन झाल्यावर धरायचं का?"

आत्या म्हणाली, "धरू की. आधी परसात ये लक्ष्मणा, तुला एक गंमत दाखवते. सुंदरे, तू बी ये," ती आईलाही म्हणाली.

सगळे परसात गेले. मी चहाचे कप भरत होते, ताट घेऊन मागून गेले. झाडाला तेव्हाही फुलं होती. दादा शेतकरी माणूस, बघतच राहिले. "हे कापसाचं हाय? अक्का, लईच माजलंय की! बोंडं किती धरली?"

"तेच तर म्हणते. हुडक की. एक बोंड सापडलं तर माझा कान कापून देते."

दादांनी हसत हसत फांद्या बाजूला केल्या. मग हसणं थांबलं. खाली वाकून बघितलं, मग वरच्या फांद्या ओढून बघितल्या. आत्या तोवर वाट बघत होती. मग म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता एवढा मऊ होता, "एकाच घरातले दोन कापूस हायेत, लक्ष्मणा. त्यांचं आपसात लगीन लावलं. काय निपजलं बघ. रूप केवढं, फुलं केवढी, आन कूस मोकळी. तवापासून माझ्या जिवाला घोर हाय. तुझी लेक मला परकी न्हाई, माझ्या पोटच्यापरीस जास्त केलंय मी तिचं. पण रक्तात रक्त घालून मी माझ्या पोराचा वंश बुडवू का? तूच सांग."

विहिरीवर इंजिन चालू होतं तेवढं ऐकू येत होतं. अण्णा तिथं उभे होते, ते म्हणाले, "पाणी फुटलंय वाटतं," आणि तिकडं निघून गेले.

दादांनी दिगूकडं पाहिलं. तो पेरूला टेकून उभा होता, एक पान घेऊन त्याच्या शिरा सोलत होता. दादा म्हणाले, "बाबा, तू शिकलास. हे झाड तूच लावलंस म्हणं. अक्का म्हणती ते खरं हाय का?"

मला वाटलं, आता. आता तो सरक्या मांडेल. लांबचं पडलं म्हणून झालं, जवळचं असतं तर धरलं असतं, असं आत्ता म्हणेल. मी ताट घट्ट धरलं.

"झाड वांझ हाय, मामा," तो म्हणाला. "एवढं खरं हाय."

आणि थांबला. खोटं एक अक्षर बोलला नाही. इतक्या वर्षांत मी ते वाक्य उलटंसुलटं करून पाहिलंय, त्यात खोटं कुठं नाही.

मला कारण माहीत होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण वडीलधारे उभे, आई पदर तोंडाशी धरून उभी, आणि स्वतःच्या लग्नासाठी स्वतः भांडणारी पोरगी त्या काळात कुणी पाहिली नव्हती. मी तिथं उभ्या उभ्या सगळ्यांना चहा दिला. दादांनी घेतला. दिगूनं नको म्हणून हात हलवला.

आत्ताच्या पोरींना हे वाचून वाटेल, बरंच झालं की. जवळच्या नात्यात लग्न करू नये हे आता डॉक्टरही सांगतात, आणि मीही माझ्या नातींना तेच सांगते. त्यात मला काही म्हणायचं नाही. आत्याला खरंच ती भीती असती आणि तिनं आईला जवळ घेऊन तसं सांगितलं असतं, तर मी तिला कधी बोल लावला नसता. पण ते झाड असं काही सांगत नव्हतं. ते बरोबर उलटं सांगत होतं. माझ्या हातानं केलेल्या झाडाच्या तोंडी तिनं नसलेला शब्द घातला, आणि ज्याला खरा शब्द ठाऊक होता तो पानाच्या शिरा सोलत राहिला.

परत जाताना एसटीत दादा खिडकीकडं तोंड करून बसले. आई माझ्याशेजारी. केज गेल्यावर आई हळूच म्हणाली, "वन्संला पोरगी नको होती. हात पाहिजे होते." दादांनी ऐकलं. म्हणाले, "अक्काला तसं म्हनू नको. तिनं भेऊन केलं. झाड मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." दादांनी ते मनापासून मानलं होतं, हेच जास्त अवघड होतं. कुणी विचारलं की पोरीचं का मोडलं, की ते स्वतःच झाडाची गोष्ट सांगायचे, बहिणीवर बोल येऊ नये म्हणून. गोष्ट गावोगाव फिरली आणि फिरता फिरता झिजली. नातं गळून गेलं, कापूस गळून गेला, आणि उरलं एवढंच की त्या पोरीच्या हातचं वांझ निघतं. पाडव्याच्या सुमाराला एक स्थळ बघायला आलं, त्यातली म्हातारी मी पाणी देताना मला विचारत होती, "महिन्याचं सगळं येवस्थित हाय ना गं बाय?" मी लोटा ठेवून आत गेले. पुढं माझं लग्न झालं, चांगल्या माणसाशी झालं, लेकरं झाली. पण ते पुढचं.

दिगूचं लग्न माजलगावला झालं. दादा आहेर घेऊन गेले, आई गेली नाही. तेव्हाही मी दिगूची बाजू मनात धरून होते. आत्यापुढं त्याचं काय चालणार, असं मी म्हणायची. त्याचं तोंड आत्यानं बांधलं होतं, असं माझं मत होतं, आणि त्या मतावर मी बरेच महिने काढले.

पुढच्या हंगामात कळ्या लागायच्या सुमाराला तो आमच्या दारात आला. नवी मोटरसायकल होती, सासऱ्यांनी दिलेली. दादा ओट्यावर दोर वळत होते. आईनं त्याला बसायला पोतं टाकलं आणि न बोलता चुलीकडं गेली. मी दाराच्या आत, कवाडाला टेकून.

"आईनं धाडलंय मामा," तो म्हणाला. "औंदाच्या पोरी नव्या हायेत. कळ्या मोडतायत, अर्धं अधिक गळतंय. छबू आली तर प्लॉट वाचंल. आई म्हणाली, लक्ष्मण न्हाई म्हणायचा न्हाई."

दादांनी दोर खाली ठेवला. क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "अक्काचा निरोप हाय तर... जाईल की. छबे, कपडे बांध."

मी जागची हलले नाही. कुठून आवाज आला कुणास ठाऊक, मी आतूनच म्हणाले, "दिगू, परसातलं ते झाड वांझ कावून झालं, ते दादांना सांग."

दादा माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्यासमोर दिगूला नावानं हाक मारली होती.

"सांग ना. मला सांगितलं होतंस तसं."

दिगूनं घसा खाकरला. "ते... मामा, ते दोन कापूस लांबचे पडतात. त्यांच्या आतली रचनाच निराळी, एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. जोड्या लागत न्हाईत म्हणून बी धरत न्हाई."

"लांबचे?" दादा म्हणाले.

"हां."

"जवळचे असते तर?"

"तर धरलं असतं."

दादांनी तो शब्द नीट आत जाऊ दिला. मग विचारलं, "मग त्या दिशी बोलला कावून न्हाईस, बाबा? मी तुला इचारलं होतं."

मी कवाडाच्या फटीतून त्याचं तोंड बघत होते. आईला भ्यालो, एवढं म्हणाला असता तर मी कपडे बांधले असते. खरंच बांधले असते, आणि पुढचे किती हंगाम गेले असते कुणास ठाऊक.

तो म्हणाला, "आता झालं गेलं, मामा. मला बी ते स्थळ पसंत होतं. पहिल्यांदा आले तवाच आईनं मला इचारलं होतं. न्हाई म्हणायला काहीतरी कारण लागतंच की. ते कारण बरं होतं, कुणाला दुखावल्याबिगर निभावलं."

हे तो समजुतीच्या सुरात म्हणाला. आपण सगळ्यांचं भलंच केलं, अशा सुरात.

दादा उठले. गोठ्यात गेले आणि बैलापुढं आधीच टाकलेली वैरण पुन्हा हलवायला लागले.

"मी येत न्हाई," मी म्हणाले. "दुसरी बघा."

"छबू, आई वाट बघतीय."

"बघू दे."

त्यानं थोडा वेळ गोठ्याकडं पाहिलं, दादा काही म्हणतील म्हणून. दादांनी मान वळवली नाही. मग त्यानं मोटरसायकल सुरू केली. आई तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आली होती, पाहुण्यासाठी करतात तसा, पाणी न घातलेल्या दुधाचा, साखर जास्त. गाडी वेशीकडं वळेपर्यंत ती कप हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. मग आत आली आणि तो कप माझ्या हातात दिला. आमच्या घरात पोरींना कधी तसा चहा मिळायचा नाही. मी चुलीपाशी बसून तो सगळा पिले.